न दिलेलं मोंग्गो

लास्मिनीच्या नवऱ्याचं वर्ष तोंडावर आलं होतं आणि नेमकी तेव्हाच गल्ली तिच्याशी बोलेनाशी झाली होती. वर्षाच्या दिवशी शेजारच्या बायका येऊन रांधतात आणि संध्याकाळी पुरुष चटयांवर बसून दुवा मागतात. बायका आल्या नाहीत तर जेवण नाही, पुरुष आले नाहीत तर दुवा नाही. मग नवऱ्यासाठी, पाक वागिमानसाठी, मागणार कोण? एकटी लास्मिनी. आणि एकटीच्या मागण्यावर तिचा स्वतःचाच फारसा भरवसा नव्हता.

सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती. बहुतेक वाईट गोष्टींची तशीच होते.

वागिमान होते तोवर गल्लीत एकही माणूस त्यांच्या मोंग्गोवाचून सुटत नसे. मोंग्गो म्हणजे येतो हं, बसा तुम्ही, चालू द्या, तुम्ही आधी. सगळं त्या एकाच शब्दात. सायकलवाल्यानं चालणाऱ्याला आधी म्हणायचं, मोटारसायकलवाल्यानं सायकलवाल्याला, आणि ओट्यावर बसलेल्याला सगळ्यांनीच. ज्याचा वेग जास्त, त्यानं मान आधी झुकवायची. वागिमान म्हशींनासुद्धा म्हणत. बाजाराला सकाळी निघालेले पोहोचत तेव्हा भाजीवाल्या पाट्या आवरायला लागलेल्या असत. कॅरियरवर बसलेली लास्मिनी कुरकुरायची, "जगाला मोंग्गो आणि बायकोला सुकलेली भाजी."

"तुझी जीभ दिवसभर चालते गं," ते न रागावता म्हणत. "त्यातला थोडा वेळ देवाला दे."

ते गेले आणि त्यांच्या हजारो वाक्यांतलं हे एवढंच तिच्याजवळ राहिलं. म्हणून वर्षाच्या आधी तिनं व्रत धरलं. पहाटेची नमाज झाली की फुलं घेऊन सायकलवरून कबरीवर जायचं, आणि घरी परत येईपर्यंत ओठ मिटलेले, नजर खाली, मनात फक्त दुवा. व्रत सांगितलं की मोडतं, म्हणून कुणाला सांगायचं नाही.

पहिल्या सकाळी मशिदीसमोर पाक मोदिन झाडत होते. गावातल्या जन्ममरणाची सगळी प्रार्थना तेच सांगत. त्यांनी झाडू थांबवून मान झुकवली. "मोंग्गो, बू." थोरल्या बाईला बू म्हणायचं, थोरल्या पुरुषाला पाक.

सायकल निघून गेली. दुःख आहे बिचारीला, असं म्हणून ते पुन्हा झाडायला लागले.

वळणावर तुकिनेम भेटली. ती टेंपे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, विकायची, आणि गावातलं कुठलंही कार्य असो, चुलीपाशी शब्द तिचाच चालायचा. तिनं स्वतःहून हाक दिली, "मोंग्गो, लास्मी."

लास्मिनीच्या मनात त्या वेळी दुवेची मधली ओळ चालली होती. ओळ पुरी झाली तेव्हा तुकिनेम बरीच मागे राहिली होती.

दुपारी ती दारात हजर. "कान गेलेत का तुझे?"

"नाही. कान चांगले आहेत."

"मग सकाळी मला पाहिलं नाहीस?"

पाहिलं नाही म्हणावं, तर खाली मान घालूनही तिच्या सायकलचं चाक ओळखलं होतं. आणि व्रतात खोटं कसं बोलायचं? खरं सांगावं, तर व्रत गेलं. लास्मिनी नुसती हसली.

हे हसणं तिला फार महाग पडलं.

"हसली," तुकिनेमनं संध्याकाळी नळावर सांगितलं. "पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि वर हसली. त्या शहरातून घट्ट चड्ड्या घालून सायकली मारत येणाऱ्या पोरीसुद्धा मला मोंग्गो म्हणतात. त्यांच्या आयांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत. आणि हिच्या दुखण्यात मी हिची धुणी धुतली."

"पण दिवसा बोलते ना?" कुणीतरी म्हणालं.

"दिवसा चार लोक बघत असतात. पहाटे कोण आहे बघायला? माणसाचं खरं तोंड पहाटेच दिसतं."

दुसऱ्या दिवशी लोकांनी मुद्दाम उठून पाहिलं. लास्मिनी खाली मान घालून सगळ्यांच्या पुढून निघून गेली. तिसऱ्या दिवशी गल्लीत कधी नव्हे ते पहाटेची गर्दी होती, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येकाला वाटलं की ती आपल्यालाच बोलली नाही.

मग, हिचा राग कशाचा असेल, या विचारानं ज्याचं त्याचं मन ज्याला त्याला खाऊ लागलं. कोपऱ्यावरचा न्हावी वागिमानांच्या हयातीत नेलेला सायकलचा पंप घेऊन आला. "विसरूनच गेलो होतो, बू," म्हणाला आणि तिच्याकडे न बघता गेला. एकीनं नारळ किसायची खवणी आणून ओट्यावर ठेवली. एकीनं उखळ आणलं, मुसळ मात्र तिला सापडलं नव्हतं. उजवीकडच्या शेजाऱ्यानं कुणी न सांगता आपलं कुंपण वीतभर मागे घेतलं. आपल्या इतक्या वस्तू गावात आहेत हे लास्मिनीला ठाऊकच नव्हतं. वस्तू परत येत होत्या. माणसं तेवढी येत नव्हती. ओट्यावर ठेवून जात होती, जसं काही घरात कुणाला देवी आल्यात.

शेवटी तुकिनेम आली. तिनं काही आणलं नाही. भात वाफवायचं तिचं मोठं पितळी भांडं कित्येक महिने लास्मिनीकडे होतं, ते तिनं उचललं.

"वर्षाला लागेल गं ते," लास्मिनी म्हणाली.

"लागेल ना. ज्यांच्याशी बोलतेस त्यांच्याकडे माग."

भांडं गेलं म्हणजे तुकिनेम गेली, आणि तुकिनेम गेली म्हणजे एकही बाई येणार नव्हती. लास्मिनी त्या संध्याकाळी पाक मोदिनांकडे गेली.

"तुम्ही तरी याल ना?"

"मी येईन, बू. पण लोक मला विचारतात, आमच्यावर राग आहे तर दुवेला का बोलावते? मी काय सांगू?"

"राग नाही."

"मग काय आहे?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं, पुन्हा गुंडाळलं.

"मेलेला माणूस स्वतःसाठी मागू शकत नाही," शेवटी पाक मोदिन हळू आवाजात म्हणाले. "जिवंतांनीच मागायचं. आणि जिवंत माणसं फार लवकर रुसतात, हीच पंचाईत आहे."

वर्षाचा दिवस रविवारी आला. घरात नारळ सोललेले, तांदूळ निवडलेले, कोंबड्या कापायच्या राहिलेल्या. एकही बाई आली नव्हती. लास्मिनीनं फुलांची टोपली हँडलला अडकवली. व्रताची ही शेवटची फेरी होती. आज मोडलं तर आधीचं सगळं वाया. नाही मोडलं तर संध्याकाळ वाया.

गल्लीतून जाताना कुणी मोंग्गो म्हणालं नाही. ओट्यावरच्यांनी पाठी फिरवल्या होत्या. दुवा म्हणायला याहून चांगली शांतता मिळणार नव्हती, आणि तिला एक ओळसुद्धा आठवेना.

पाटावरचा बांबूचा पूल एका सायकलीपुरता होता. तिथंही रीत ठरलेली: एकानं मोंग्गो म्हणायचं, थांबायचं, दुसऱ्यानं मोंग्गो म्हणून पुढे जायचं. लास्मिनी पुलावर चढली, नजर खाली. पलीकडून बहिणीकडचे टेंपे सायकलवर लादून तुकिनेम चढली. तिची नजरही खालीच होती, कारण तिनं ठरवलं होतं की आता हिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. दोघींनी चाकं ओळखली. दोघी गप्प राहिल्या. मोंग्गो कुणी म्हणालं नाही, म्हणून कुणी थांबलं नाही.

पुलाच्या मधोमध हँडलला हँडल अडकलं. आधी फुलं पाण्यात गेली, मग टेंपे, मग एक सायकल, आणि मग दोघी एकमेकींना धरून.

पाणी कमरेएवढं होतं. लास्मिनी चिखलातून उठली, समोर तुकिनेम दिसली, आणि जन्मभराच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "मोंग्गो."

तुकिनेमनं तोंडातलं पाणी थुंकलं. "आत्ता? आत्ता म्हणतेस?"

त्याच वेळी पुलावर शहरातली सायकलवाली मंडळी आली, मागून एक धावणारा. पुलावर अडकलेली सायकल त्यांनी अदबीनं बाजूला लावली. खाली पाण्यात दोन म्हाताऱ्या उभ्या आहेत, भोवती केळीच्या पानांत बांधलेले टेंपे तरंगताहेत, तर इथं हीच पद्धत असेल असं बहुधा त्यांना वाटलं. एकेकानं मान झुकवली. "मोंग्गो, बू. मोंग्गो, बू." धावणाऱ्यानंसुद्धा, धापा टाकत.

"मोंग्गो," दोघी प्रत्येक वेळी एकदम म्हणाल्या. करणार काय, त्यांचा वेग जास्त होता, आणि त्यांनी रीत पाळली होती.

ते गेल्यावर लास्मिनी रडायला लागली. "मोडलं. शेवटच्या दिवशी मोडलं."

"काय मोडलं? पाय?"

"व्रत." आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, पाण्यात उभ्याउभ्याच. तुकिनेम टेंपे गोळा करत ऐकत होती. हळूहळू तिचे हात थांबले.

"एवढंच होतं, तर सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की मोडतं."

"आणि मग हसलीस कशाला?"

"दुसरं काय करू? खोटं कसं बोलू?"

तुकिनेमनं पाटाकडे पाहिलं. फुलं पाटाच्या ओढीनं वळणाकडे निघाली होती. वळणापलीकडे कब्रस्तानाची भिंत.

"ती बघ," ती म्हणाली. "तुझ्याआधी तीच पोहोचतील. वागिमान वाटेत भेटेल त्याला मोंग्गो म्हणत बसले नाहीत, तर वेळेवर मिळतील त्यांना." मग तिनं लास्मिनीच्या केसांतलं शेवाळ काढलं. "मोडलं कसलं त्यात. पाण्यात धरत नाहीत." हा नियम तिनं तिथंच केला होता, पण चुलीपाशी तिचा शब्द चालत असे, आणि पाटातही चालला.

दिवस वर येईपर्यंत पितळी भांडं लास्मिनीच्या चुलीवर होतं आणि अंगण बायकांनी भरलं होतं. मुसळही सापडलं. संध्याकाळी चटया कमी पडल्या. पाक मोदिननी वागिमानांचं नाव घेतलं तेव्हा सगळ्या गल्लीनं आमीन म्हटलं, आणि कुंपण मागे घेतलेल्या शेजाऱ्यानं सर्वांत मोठ्यानं.

भांडी घासताना तुकिनेमनं सहज विचारलं, "त्या व्रताला उपासही लागतो का गं?"

"नाही. गप्प राहायचं, एवढंच."

"हं," तुकिनेम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लास्मिनी मोकळ्या मनानं सायकलवर बसली. पाक मोदिनना मोंग्गो, न्हाव्याला मोंग्गो, नळावरच्या बायकांना एकेकीला मोंग्गो. वळणावर समोरून तुकिनेम आली.

"मोंग्गो, तुकिनेम."

तुकिनेमची मान खाली होती. ओठ मिटलेले. ती तशीच निघून गेली.

व्रतच असणार, लास्मिनीनं स्वतःला समजावलं. दुसरं काय असणार? कबरीपाशी बसून तिनं तेच पुन्हा समजावलं. मग घरी आली, स्टूल ओढलं, आणि फळीवर मागे दडलेली तुकिनेमची चाळणी काढून, पुसून, दाराशी आणून ठेवली.