एकही ओळ न गाळता

यंदा आपल्या कवितेच्या वेळी एकही माणूस खुर्चीवरून उठता कामा नये, असा पणच गुलाबरावांनी केला होता. रेल्वेतून निवृत्त होऊन ते जयपूरच्या जगतपुऱ्यात राहिले, तेव्हापासून तिथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात त्यांची कविता ठरलेली. ते माइकपाशी गेले की सभागृहाला एकदम भूक लागायची. गेल्या वर्षी 'मरुभूमीतला सह्याद्री' या त्यांच्या दीर्घकाव्याचं पहिलं कडवं संपेपर्यंत मागे श्रीखंड-पुरीचा फडशा पडला होता.

म्हणून या वेळी त्याच कवितेचं समूहगान करायचं ठरलं. चाल लावायला आयटीतला राजस सापडला. कॉलेजात असताना तो गायनवृंदात होता, एवढ्याच गुन्ह्यावर त्याला धरून आणलं.

"काका, आपल्याला सहाच मिनिटं दिलीत. थोडी कडवी कमी करूया?"

"खबरदार! एक ओळ गाळायची नाही."

राजसने मुख्य चाल गुलाबरावांच्या पत्नी सुधाताईंच्या गटाला दिली. बाकीच्यांनी मागे नुसता आकार लावायचा. त्या बाकीच्यांतल्या लताबाई उसळल्या.

"मतलब आम्ही नुसतं आ-आ करायचं? घरी जन्मभर ह्यांच्या बोलण्याला हूं-हूं केलं, ते पुरलं नाही का?"

"आम्हालाही शब्द पाहिजेत," खर्जातले जनार्दनराव गुरगुरले. "आम्ही काय स्टेजला टेकू म्हणून उभे राहणार?"

मंडळात फूट पडायला याहून लहान कारणं पुरली होती. राजसने मुकाट्याने कविता तीन गटांत वाटली आणि तिघांनी आपापली कडवी एकाच वेळी गायची, असं ठरवून टाकलं. वेळेत बसलं, मानपान सांभाळले, ओळही गळली नाही. गुलाबरावांनी त्याची पाठ थोपटली. लताबाई जनार्दनरावांच्या घरी पाऊल टाकत नसत, म्हणून तालमीही वेगवेगळ्या घरांत झाल्या. सगळं एकत्र ऐकू आलं ते थेट कार्यक्रमातच.

सुधाताईंनी सह्याद्री उभा केला, त्याच क्षणी लताबाईंनी वाळवंट पसरलं आणि जनार्दनरावांनी दोन्हींवर उंट सोडले. पहिल्या रांगेतल्या गुलाबरावांना स्वतःचीच कविता ओळखू येईना. त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं. पण मागे वळून पाहतात तो काय, सगळ्या खुर्च्या भरलेल्या! तिकडे पुऱ्या निवत होत्या आणि इकडे माणसं हलत नव्हती. शेवटचा सूर थांबला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला.

"एक लफ़्ज़ समझ में नहीं आया जी," प्रमुख पाहुणे गुलाबरावांचे हात धरून म्हणाले, "पर मज़ा आ गया!"

"वन्स मोअर!" मागून आरोळी आली.

गुलाबरावांना भरून आलं. इतक्या वर्षांच्या उपेक्षेचे आज पांग फिटले होते. ते तडक स्टेजवर चढले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"रसिकहो, गाण्याच्या गलबल्यात शब्द नीट पोचले नसतील. आता मीच म्हणून दाखवतो. पहिल्यापासून."

पहिलं कडवं संपलं तेव्हा जनार्दनराव पुऱ्यांच्या रांगेत सर्वांत पुढे होते. त्यांच्या मागे लताबाई सगळं वैर विसरून उभ्या होत्या. सभागृहात एकट्या सुधाताई उरल्या होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "वन्स मोअर गाण्याला होता."