एक नाव राहिले

मुळेकाका तुमच्या आजीला ओळखत असण्याची बरीच शक्यता आहे. तुमचं घराणं पैठण, पाचोड, वैजापूर या बाजूचं असेल आणि दुष्काळाच्या त्या लागोपाठच्या वर्षांत घरातला तांब्याचा हंडा नाहीतर बंब मोडीत गेला असेल, तर खात्रीच धरा. काका तिला कधी भेटलेले नाहीत. त्यांनी तिचा हंडा वितळवला आहे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक छोटी फाउंड्री आहे. बोअरच्या पंपाचा दांडा ज्यात फिरतो ते गनमेटलचे बुश आम्ही ओततो. गनमेटल म्हणजे तांबं, त्यात थोडं कथील, थोडं जस्त. मी तिथं क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे क्वालिटी खातं मीच आहे. काका भट्टीवर. शहराला अजून औरंगाबाद म्हणत होते तेव्हाची ही गोष्ट. गावाकडं विहिरी आटल्या होत्या, टँकरचं पाणी निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये पडत होतं आणि हंडे विकले जात होते. इकडं बीड बायपासला नवे फ्लॅट होत होते, फ्लॅटमध्ये गिझर होते, आणि बंब विकले जात होते. दोन्हीकडचं तांबं पोत्यांत भरून आमच्याकडं यायचं, आणि आम्ही त्यातून लोकांना आणखी खोलवरचं पाणी उपसायची सोय करून द्यायचो.

आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाबद्दल दिलं, सगळं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं. मुळेकाका भांडं भट्टीत जाण्याआधी ते वाचायचे. मनात नव्हे, मोठ्यानं. चष्मा कपाळावर सरकवायचा, भांडं दोन्ही हातांत तिरकं धरायचं आणि खड्या आवाजात सुरू करायचं. 'चि. सौ. कां.' असं तीन अक्षरांत भागवणं त्यांना मान्य नव्हतं. ते 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी' असं पुरतं म्हणायचे, मग मुलीचं नाव, मग मामाचं, मग मामाचं गाव. अक्षर झिजलेलं असेल तर अंदाज करायचे नाहीत. "पुढं झिजलंय," एवढंच सांगायचे. मग भांडं भट्टीवरच्या रफिकभाईंकडं द्यायचे आणि म्हणायचे, "झालं. सोडा."

एका वेळच्या वितळणीला आमच्यात हीट म्हणतात. एका हीटला चाळीसेक भांडी लागतात. चाळीस सौभाग्यकांक्षिणींना किती वेळ लागतो याचा हिशेब शेठनी मला एकदा करायला लावला होता. मी तो केला आणि कपाटात ठेवून दिला, कारण काकांना बोलायची सोय नव्हती. वितळलेल्या तांब्यात ओलं भांडं गेलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टीतला धातू छतावर जातो. हंड्याचा काठ दुमडलेला असतो आणि त्या दुमडीत ओल राहते. त्यामुळं प्रत्येक भांडं हातात घेऊन बघावंच लागतं, आणि हातात घेतलंच आहे तर वाचायला काय जातंय, असं काकांचं म्हणणं. "कोरडं आहे का?" हा त्यांचा जगाला एकच प्रश्न होता. डब्यातल्या वरणात चमचा घालण्याआधीसुद्धा ते तो पंच्याला पुसून घ्यायचे.

शेठचं तोंड कायमचं बंद झालं ते एका गडूमुळं. काशीहून आणलेला, तोंड डाख देऊन झाळून टाकलेला गंगेचा गडू कुणीतरी देव्हाऱ्यातून उचलून थेट मोडीत घातला होता. काकांनी तो नाव वाचायला तिरका केला आणि आत डुचमळलं. तसाच भट्टीत गेला असता तर शेड उरली नसती. रफिकभाईंनी गडू हातात घेऊन पाहिला. "काका, ये तो अपन सबको एकदमीच काशी पोंचा देता था," ते म्हणाले आणि चहाला गेले. काकांनी झाळ फोडून गंगा आवारातल्या कडुनिंबाला घातली, रिकामा गडू उन्हात वाळवला, 'कै. गणपतराव यांच्या स्मरणार्थ' असं वाचलं आणि म्हणाले, "झालं. सोडा."

वाचलेलं नाव काका विसरत नसत. यातून भानगडी व्हायच्या. एकदा बँकेत त्यांनी समोरच्या साहेबांचं आडनाव आणि गाव विचारलं आणि थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे द्वारकाबाई तुमच्या आई. बंब चांगला जाड होता. नळी तेवढी गळकी." साहेबांच्या समजुतीप्रमाणं बंब गावाकडं माळ्यावर होता आणि घर धाकट्या भावाच्या ताब्यात होतं. दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे. काकांना याचं वाईट वाटलं, पण बंब जाड होता हे त्यांनी मागं घेतलं नाही.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "आमचे वडील घरोघर पूजेला जायचे. यजमानाचं नाव-गोत्र उच्चारल्याशिवाय त्यांनी कधी पळीभर पाणी सोडलं नाही. मी धातू सोडतो. धंदा तोच आहे, कदम." यापलीकडं त्यांच्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. सिडकोत एका खोलीत एकटे राहतात, दिवाळीलाही गावी जात नाहीत, एवढंच.

मग इंडक्शन आलं. आमची जुनी भट्टी जमिनीत होती. विटांचा खड्डा, त्यात ग्राफाइटची मूस, भोवती कोक, खालून ब्लोअरचा वारा. काका जाळाची हिरवी झाक बघून धातू कुठवर आलाय ते सांगायचे, हवा लागू नये म्हणून वर कोळशाचा थर पसरायचे, आणि हे होईपर्यंत सगळ्यांची नावं निवांत वाचून व्हायची. नव्या भट्टीत मुशीभोवती पोकळ तांब्याच्या नळीचं वेटोळं असतं. नळीतून वीज जाते आणि आतला धातू आपला आपणच तापतो. ना जाळ, ना धूर. काका तिला बिनचुलीचा स्वयंपाक म्हणायचे. तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, चौथ्या दिवशी तिच्यावर सगळ्यांपेक्षा चांगला धातू काढू लागले.

या भट्टीची एकच खोड होती. नळीच्या आतून सतत पाणी फिरावं लागतं, नाहीतर नळीच वितळते. म्हणजे आत थेंब चालत नाही आणि बाहेर थेंबाशिवाय चालत नाही. त्या वर्षी वसाहतीचं पाणी तोडलेलं. आमची भट्टी टँकरवर, आणि टँकर देवावर.

असाच एक दिवस टँकर आला नाही. टाकीतलं पाणी उतरत होतं, हीट अर्धी झाली होती, आणि शेठ स्वतः येऊन उभे राहिले. शेवटचं पोतं राहिलं होतं. भांडी कोरडी असल्याचं रफिकभाईंनी बघून ठेवलेलं होतं. नावं बघणं त्यांच्या कामात नव्हतं. शेठ म्हणाले, टाका. काकांनी हात पुढं केला तोवर चेपलेला हंडा आत गेला होता. जाताना त्याचं पोट आमच्याकडं वळलं. तीन ओळी होत्या. काकांनी चष्मा वर सरकवला, तोंड उघडलं, आणि हंडा लाल होऊन खाली बसला.

काकांनी धातू नेहमीसारखा ओतला. बुश निर्दोष निघाले. फक्त हीटच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'एक नाव राहिले.'

पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर पुण्याहून आले. त्यांनी रजिस्टर उलटंसुलटं बघितलं आणि शेऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हा काय प्रकारचा दोष आहे? मी म्हणालो, नोंदीतला. त्यांनी विचारलं, तो पुन्हा होऊ नये म्हणून काय उपाय केला? मी काकांकडं पाहिलं. काका म्हणाले, अजून काही केलेला नाही, पण मनाला फार लागून राहिलंय. ऑडिटरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि आम्हाला महिन्याची मुदत दिली. मनाला लागलंय हे खरं होतं. काका डबा अर्धा परत नेत होते. दुपारी त्या हीटचे बुश ठेवलेल्या फळीपाशी जाऊन उभे राहत होते. शेठनी मला बोलावून सांगितलं, की यांना घेऊन जा कुठं जायचं तिथं आणि हे मिटवून ये.

पोतं पाचोडचं होतं. आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो. तिथल्या भांड्यांच्या दुकानदाराला त्या खेपेतला हंडा आठवला, कारण त्या आठवड्यात हंडा एकच आला होता. पलीकडच्या गल्लीतल्या कौसाबाईंचा. वर काय लिहिलं होतं, असं काकांनी विचारल्यावर तो म्हणाला, "नावं वाचत बसलो तर धंदा कवा करू?" काकांनी त्याच्याकडं फार वेळ पाहिलं.

कौसाबाई पत्र्याच्या घरात एकट्याच होत्या. दारात ड्रम, ड्रमवर झाकण, झाकणावर दगड. सत्तरीच्या असाव्यात. आम्ही कारखान्यातले, तुमचा हंडा आमच्याकडं आला होता, असं मी सांगितलं. त्यांनी मला बाजूला सारून काकांकडं बघितलं.

"तुमीच इतळवला व्हय माझा हंडा?"

"हो," काका म्हणाले.

"मंग वाचलं आसंल तुमी. काय लिव्हलं व्हतं त्याच्यावर?"

जे विचारायला आम्ही आलो होतो तेच. उत्तराची वाट न बघता बाईच बोलत राहिल्या. त्यांचे वडील आडूळचे रामभाऊ, दुसऱ्याच्या रानात राबणारे. लग्नात त्यांनी लेकीला दिलेली वस्तू म्हणजे तो एक हंडा. घरात आला त्या दिवशीच सासू म्हणाली, हा मोडीतून उचललाय, याच्यावर भलतीचंच नाव असणार. सासूला वाचता येत नव्हतं, नवऱ्याला येत नव्हतं, बाईंना तर नव्हतंच. पुढं गावात मास्तर आले, ग्रामसेवक आले, पण बाईंनी कुणाला हंडा दाखवला नाही. अक्षरांची बाजू भिंतीकडं करून ठेवायच्या. आता गुडघ्यानं भरला हंडा उचलेना म्हणून विकला, तेव्हाही दुकानदारानं चष्मा लावायच्या आत तिथून निघून आल्या.

मी विचारलं, इतकी वर्षं एकदाही कुणाला विचारलं नाही?

"इच्यारलं आन् दुसरीचंच नाव निघालं, तर? मंग रोज घासायचा कसा?" मग पुन्हा काकांकडं बघून म्हणाल्या, "आता ऱ्हायला नाय. आता सांगा."

नऊ वर्षांत काकांनी झिजलेल्या एका अक्षराचाही अंदाज केलेला मी पाहिला नव्हता. ते आता काय सांगणार हे मला ठाऊक होतं, आणि मी नजर खाली घातली.

काका उठून उभे राहिले. चष्मा कपाळावर सरकवला. दोन्ही हात पुढं धरून, हातात काही नसताना, त्यांनी खड्या आवाजात वाचलं:

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कौसल्या हिस. विवाहप्रीत्यर्थ. वडील रामभाऊ, मुक्काम आडूळ, यांजकडून."

बाई मग हळू आवाजात म्हणाल्या, की त्यांना सगळे कौसाबाई म्हणतात.

"हंड्यावर कौसल्या होतं," काका म्हणाले.

"बापाचंबी नाव व्हतं?"

"तिसऱ्या ओळीत."

ज्या माणसाच्या वाचनाला मी नऊ वर्षं कंटाळलो होतो, त्याच्या तिथंच पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण बाईंच्या लक्षात आलं असतं. त्यांनी काकांना ते पुन्हा म्हणायला लावलं. काकांनी पुन्हा म्हटलं, एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. तिसऱ्यांदा बाईही बरोबर म्हणाल्या. सौभाग्यकांक्षिणीला अडल्या, तिथं काकांनी त्यांना थांबून सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी एकट्यानं म्हटलं आणि पदरानं तोंड पुसलं.

मग त्यांनी चुलीवर बिनदुधाचा चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच विचारलं, "आन् तुमचं नाव वो?"

"मुळे," काका म्हणाले.

"ते आडनाव झालं. नाव इच्यारलं मी."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "सदाशिव," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, "दत्तात्रयाचा."

"सदाशिव," बाई म्हणाल्या. "सदाशिवराव, च्या घ्या."

मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता आणि हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. याची मला लाज वाटली, अजून वाटते. काकांनी कप दोन्ही हातांत धरला होता आणि ते पीत नव्हते. बसची वेळ झाली म्हणून मी उठलो. ते उठले नाहीत. पुढच्या बसनं जाऊ, म्हणाले.