गंगाफळाचा पहिला चिरा

चिंधाची भाजीची हातगाडी गल्लीत यायची, तेव्हा पुरुषमंडळी घराबाहेर पडलेली असत. धरणगावच्या त्या गल्लीतले निम्मे पुरुष सकाळच्या पॅसेंजरने जळगावला जात. उरलेले कापसाच्या जिनिंगवर, नाहीतर शेतात. मागे राहत बायका, म्हाताऱ्या आणि एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यापासून गिरधर नाना.

नाना गावच्या वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले होते. वाचनालयात निदान 'ते वरच्या फळीवरचं काढून द्या' एवढं तरी कोणी म्हणत असे. घरात तेही उरलं नाही. ते ओट्यावरच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसत, पण पान काही उलटत नसे. पत्नी बेबाबाई झाडत आल्या की पाय वर घ्यायचे, पुसत आल्या की पुन्हा वर घ्यायचे, असं करता करता आपण या घरातलं एक अडगळीचं सामान आहोत, असं त्यांच्या मनाने घेतलं. एकदा जेवताना ते म्हणालेही, "माझ्यावाचून आता कोणाचं काही अडत नाही." बेबाबाईंनी त्यांना आणखी वरण वाढलं. नानांना वाटलं, हिने ऐकलंच नाही.

भाद्रपदात गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, निघाली. पितरांचा पंधरवडा होता, घरोघरी गंगाफळाची भाजी लागायची. अशाच एका दिवशी शेजारची कुंदाबाई भलंमोठं गंगाफळ कडेवरच्या मुलासारखं घेऊन ओट्यापाशी उभी राहिली.

"नाना, घरमा कोनी माणूस नही. येले पहिला चिरा दी द्या ना."

गंगाफळ म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं गल्लीत मानत. बाईने त्याला पहिला चिरा द्यायचा नाही. पुरुषाने एकदा सुरी लावली की पुढे तिने त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. नानांनी हे ऐकलेलं होतं, पण आपला या कामासाठी विचार होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत दुसरं कोणीच नव्हतं. समोर चिंधा तेवढा गाडीवर गिलक्यांची रास नीट लावत उभा होता.

नानांनी आतून सुरी आणली आणि गंगाफळात खुपसली. ती बोटभर आत गेली आणि तिथेच अडकली. पुढे जाईना, मागे येईना. त्यांनी गंगाफळ दोन्ही गुडघ्यांत धरून सुरी ओढली, तेव्हा गंगाफळासकट गुडघेही वर आले. कुंदाबाई मोठ्या अदबीने दुसरीकडे बघत राहिली.

"नाना, उचला नी आपटा," चिंधा गाडीवरून म्हणाला.

नानांनी सुरीच्या मुठीला धरून ते अख्खं गंगाफळ उचललं आणि फरशीवर आपटलं. त्याची दोन शकलं झाली. एक खुर्चीखाली गेलं, दुसरं पायऱ्या उतरून चिंधाच्या गाडीच्या चाकाला टेकलं. कुंदाबाईने दोन्ही गोळा केली, झटकली, आतला केशरी रंग बघून फार छान निघालं म्हणाली आणि गेली. दुपारी तिच्याकडून वाटीभर भाजी आली. मेथीदाण्याची फोडणी, साल न काढता शिजवलेल्या फोडी, गुळाचा बेताचा गोडवा, वरून दाण्याचा कूट. इतकी वर्षं नाना ही भाजी पुस्तकात डोकं घालून खात आले होते. त्या दिवशी ताटात बघून खाल्ली. फार चांगली लागली. बेबाबाईंना त्यांनी अर्धी वाटी दिली आणि हे कोणी चिरलं ते तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतलीच भिकुबाई आली. मग पलीकडच्या गल्लीतल्या दोघी आल्या. पंधरवडा संपून नवरात्र बसलं तरी बायका येतच राहिल्या.

नाना बदलले. धारवाल्याकडून सुरीला धार लावून आणली. सकाळी लवकर आंघोळ करून, मांडीवर स्वच्छ फडकं टाकून चिंधाच्या आरोळीची वाट बघू लागले. कपाटातल्या जाड कोशात त्यांनी भोपळ्याचं कूळ, मूळ, वेल आणि कीड हे सगळं वाचून काढलं. पहिला चिरा पुरुषाने का द्यावा, याबद्दल मात्र त्यात अक्षर नव्हतं. कोश लिहिणारे विद्वान आहेत, पण गल्लीत राहिलेले दिसत नाहीत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटून गेलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

त्यातच कुंदाबाई कुठे तरी बोलून गेली की नानांच्या हाताने चिरलेलं गंगाफळ गोड निघतं. हे ऐकून नाना दिवसभर हसू दाबत होते. पण दोनच दिवसांनी भिकुबाई आली ती तोंड पाडून. तिचं गंगाफळ पाणचट निघालं होतं. नानांनी तिची मनापासून माफी मागितली आणि यापुढे अधिक लक्ष देईन असं सांगितलं. गोड निघालेल्याचं श्रेय घेतलं, तर पाणचटाचा दोषही घ्यायलाच हवा, असा त्यांचा हिशेब होता.

एका सकाळी बेबाबाईंनी सहज विचारलं, दळण तेवढं टाकून येता का.

"आणि मी गेल्यावर कोणी आलं तर?"

"थांबतील की जरा."

"तुला नाही कळायचं ते," नाना म्हणाले. "गल्लीचं माझ्यावाचून अडतं."

बेबाबाईंनी डबा कमरेवर घेतला आणि ऊन चढायच्या आत स्वतःच गिरणीवर गेल्या. जाताना त्या थोड्या हसल्या होत्या. नानांना ते हसू कुत्सित वाटलं. दिवसभर ते त्यांच्याशी तुटक बोलले.

दसऱ्याला गल्लीतल्या देवीचा भंडारा असे. वरण-बट्टी आणि गंगाफळाची भाजी हा ठरलेला बेत. आचारी उखर्डू अंगाने दांडगा होता. गंगाफळं चिरायला त्याला कधी कोणाची गरज लागली नव्हती. पण या वर्षी बायकांनी लावून धरलं की चिरा नानांच्याच हातचा हवा. उखर्डू स्वतः बोलवायला आला.

"नाना, पहिला चिरा तुम्हीन द्या," तो म्हणाला. "बठ्ठ्या बाया मना मांगे लागेल शेतस."

नाना धुतलेलं धोतर नेसून गेले. मंडपाच्या मागे चुली पेटल्या होत्या, बट्ट्या भाजल्या जात होत्या, आणि गंगाफळांचा ढीग त्यांच्यासाठी मांडलेला होता. त्यांनी एकामागून एक चिरे दिले. हात आता सरावला होता. अख्खा ढीग संपला तेव्हा कुंदाबाईने त्यांना पाणी आणून दिलं. आयुष्यात इतक्या लोकांनी आपल्याकडे एकाच वेळी पाहिलं नव्हतं, असं नानांना वाटलं, आणि आपण त्याला पात्र आहोत का, अशी शंकाही नेहमीप्रमाणे डोकावून गेली. या वेळी त्यांनी ती परत पाठवली.

ती थोडी थांबवून घ्यायला हवी होती. कारण जो पहिला चिरा देतो, तोच एक बारीक कपची तोंडात टाकून बघतो, हा आचाऱ्यांचा नेम. शेकड्यात एखादं फळ कडू निघतं आणि ते एकच अख्ख्या कढईला पुरतं. गल्लीत चाखायचं काम बायका आपापल्या घरी करत, त्यामुळे नानांना हा नेम ठाऊकच नव्हता. चिरून झाल्यावर आणखी काही करायचं असतं का, असं विचारावंसं त्यांना वाटलं होतं. पण उखर्डू घाईत होता आणि नाना संकोची. उखर्डू धरून चालला की नानांनी चाखलं आहे. त्याने सगळ्या फोडी एकाच कढईत लोटल्या.

पंगत बसली. नानांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी तुपात कुस्करलेल्या बट्टीबरोबर पहिला घास घेतला आणि कडूपणा थेट कानापर्यंत गेला. त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून चावत होते. अख्खी रांग तशीच, खाली मान घालून, फार गंभीरपणे जेवत होती. देवीचा प्रसाद; त्याला नाव कोण ठेवणार? एका म्हातारीने पलीकडच्या सुनेला हळूच बजावलं, "देवीनं शे. टाकानं नही." वरणाला मात्र एकदम मागणी आली. बट्ट्या संपत आल्या. भाजीवाले वाढपी रांगेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे भरलेली बादली घेऊन जात आणि तशीच भरलेली परत आणत. जो तो मोठ्या प्रेमाने समोरच्याकडे बोट दाखवून म्हणत होता, यांना वाढा.

शेवटी उखर्डूने स्वतः चाखून पाहिलं. मग तो पळी हातात घेऊनच नानांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"नाना, तुम्हीन चाखं नही का?"

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो फार हळू बोलला. नानांनी मान हलवली आणि पानातली सगळी भाजी, एकही फोड न टाकता, संपवली.

नंतर कोणी त्यांना काही म्हटलं नाही. बायका समोरून जाताना पूर्वीसारख्याच हसत. फक्त गंगाफळं येईनाशी झाली. चिंधाची आरोळी आली की नाना फडकं मांडीवर घेत. गाडी पुढे गेली की घडी करून ठेवत. भाजीच्या वाट्या तर केव्हाच थांबल्या होत्या. नानांनी पुस्तक उघडलं, पण आता पुस्तकातलं काहीच त्यांना खरं वाटेना. आपण नको तिथे हात घातला, वय झालं तरी पायरी कळली नाही, असं त्यांना वाटे. सुरी त्यांनी पुस्तकांच्या कपाटामागे सारून दिली.

दिवाळीच्या थोडं आधी, एका दुपारी ते मागच्या खोलीत पुस्तकांवरची धूळ झटकत होते. खिडकीबाहेर परसात बेबाबाई आणि कुंदाबाई बोलत होत्या. बेबाबाई नानांशी शिकलेल्यांचं बोलत आणि गल्लीशी गल्लीचं.

"एक डाव ये वं," बेबाबाई म्हणत होत्या. "दिवसभर ओट्यावर वाट देखतस त्या. माले देखवस नही."

"मना काय नही, अक्का. पन सासू म्हनस, त्या हातनं नको."

"तिले सांगू नको."

 कुंदाबाई हसल्यासारखं करून म्हणाली, "मांगेबी तुम्हीच सांगं व्हतं. नही ते चिंधा काय बाई शे का? गाडीवरच चिरा दी देत व्हता तो."

"त्याले मीच सांगं व्हतं, गंगाफळं आख्खा देत जाय म्हनीसन," बेबाबाई म्हणाल्या.

नानांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. चिंधाला तर चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. महिनाभर तो समोर, गाडीपाशी, स्वतःची धारदार सुरी बाजूला ठेवून उभा होता. हजारो पुस्तकं ज्याने विषयवार लावली, त्या माणसाला समोरचा भाजीवाला पुरुष आहे हे दिसलं नव्हतं. आणि हे ज्यांना दिसत होतं, त्या सगळ्यांनी ते न दिसल्यासारखं केलं होतं, कारण बेबाबाईंनी दारोदार जाऊन तसं सांगितलं होतं. ताटात वरण वाढता वाढता तिने सगळं ऐकलं होतं. आणि तिलाच आपण म्हणालो, तुला नाही कळायचं.

ते खिडकीपासून पाय न वाजवता मागे सरले.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई ओट्यापाशी आली. पदराआड लहानसं गंगाफळ होतं.

"नाना, घरमा कोनी नही," ती म्हणाली आणि जमिनीकडे बघत राहिली.

पलीकडे चिंधा आपल्या गाडीपाशी उभा होता. त्याने लगबगीने पाठ फिरवली आणि मिरच्या निवडू लागला. आत स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

राहू दे, मला सगळं कळलंय, असं म्हणायला नानांनी तोंड उघडलं. आतला आवाज अजून थांबलेलाच होता. तव्यावरची भाकरी करपत असणार, तसा वास येऊ लागला होता. नानांनी तोंड मिटलं. कपाटामागची सुरी आणली, मांडीवर फडकं पसरलं आणि कधी नव्हे इतक्या ऐटीत चिरा दिला. मग एक कपची काढून तोंडात टाकली आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "गोड आहे."

आतून भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

कुंदाबाई गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"कोण आलं होतं?" बेबाबाईंनी वर न बघता विचारलं.

"कुंदाबाई. अडलं होतं तिचं."

"अडणारच," बेबाबाई म्हणाल्या. करपलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात ठेवली.

नाना आत आले. मग पाट ओढून त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "मी काही चिरू का?"

"नको, बोट कापून घ्याल." बेबाबाईंनी गवारीच्या शेंगांनी भरलेलं सूप त्यांच्याकडे सरकवलं. "ह्या मोडा. याला सुरी लागत नाही."

नानांनी शेंगा मोडायला घेतल्या. मन लावून, एकसारखे तुकडे करत ते मोडत राहिले. शेंगांच्या शिरा काढायच्या असतात हे त्यांना माहीत नव्हतं. बेबाबाईंनी भाकरी उतरवली, हात पुसले, आणि त्यांनी मोडून टाकलेला एकेक तुकडा परत उचलून त्याच्या शिरा काढू लागल्या. नाना ते बघत राहिले, आणि पुढची शेंग मोडायचं विसरले.