एकाच जोडीचे डोळे

“हलू नका,” सुखदेव माझ्या मेलेल्या नवऱ्याला म्हणाला.

अंगणात खुर्ची, खुर्चीत नवरा, आणि तो पडू नये म्हणून मागून माझ्या दिराने त्याचे खांदे धरलेले. पाच दिवसांच्या तापात माणूस गेला. जन्मात त्याचा एक फोटो निघाला नव्हता, म्हणून उचलायच्या आधी सुखदेवला बोलावलं. धानोऱ्याकडे तेव्हा बहुतेकांचा पहिला फोटो असाच निघायचा.

“भाऊ, जरा इकडं पाहा,” तो पुन्हा म्हणाला. रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. नणंदेला हसू फुटलं, तिने पदर तोंडात कोंबला. मला राग आला होता, पण मीही हलले नाही. फोटो खराब झाला असता.

सुखदेव फोटो काढायला कोणाकडे शिकला नाही. आमच्या गावात येण्याआधी तो तेंदूपत्ता वाळवायच्या कामावर होता. तिथल्या एका बाबूची बदली झाली, त्याचा जुना कॅमेरा याने घेतला. मग शेळ्यांचे फोटो काढून काढून हात बसवला. शेळ्या हलतात, म्हणून याला ‘हलू नका’ म्हणायची सवय लागली, असं लोक सांगायचे. शेळ्यांच्याच गोठ्याला गोधड्या लावून तो अंधार करायचा आणि तिथे फोटो धुवायचा. फोटोला वास यायचा. लग्नात बोलावलं तर पंगतीचे फोटो काढायचा आणि नवरानवरी राहून जायचे. म्हणायचा, खाणारा माणूस इकडेतिकडे पाहत नाही.

मेलेले लोक त्याला फार सोयीचे. फोटो वाळला की बारीक ब्रश आणि काळी शाई घेऊन तो मिटलेल्या डोळ्यांवर उघडे डोळे काढायचा. “माह्या फोटोत कोणी मेलं नाई,” असं सगळ्यांना सांगायचा.

आठवड्याने फोटो आला. नवऱ्याचे डोळे बारीक होते, हसला तर दिसायचेही नाहीत. फोटोत हे टपोरे डोळे, त्यातला डावा जरा बाहेर वळलेला. तीस वर्षांत त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मी सरपंचांच्या घरी गेले. त्यांच्या नव्या टीव्हीच्या वर त्यांच्या बापाचा फोटो होता. तेच डोळे. त्या बापाने बांधावरून ज्याच्याशी जन्मभर भांडण केलं, त्याच्याही फोटोत तेच डोळे.

मी फोटो घेऊन सुखदेवकडे गेले. म्हटलं, “हे कोणाचे डोळे होय? मले माह्या माणसाचे पाहिजे. आता त्याचा दुसरा फोटो कुठून निघंल?”

त्याने हातातला ब्रश पुसून खाली ठेवला.

“मले दुसरे येत नाई, बाई. हे कौसल्याचे होय.”

कौसल्या त्याची बायको. आम्ही कोणी तिला पाहिलं नव्हतं, गावात तो एकटाच आला होता. कॅमेरा आणला तेव्हा पहिला फोटो तिचा काढला, असं त्याने सांगितलं. फोटो आला की नाही ते पाहायला भर उन्हात कॅमेरा उघडला. सगळा रोल गेला. दुसरा रोल मिळायच्या आत ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

“हासून राह्यली होती,” तो म्हणाला. “मी म्हटलं हलू नको. तरी हलली.”

मी फोटो परत घेतला. डोळे खोडायला सांगितलं नाही. खोडले असते तरी खाली मिटलेलेच निघाले असते.

“माहा आत्ताच काढून ठेवा,” मी म्हटलं. “मेल्यावर नको.”

त्याने मला उंबरठ्यावर बसवलं, हलू नका म्हणाला. त्या फोटोत डोळे माझेच आहेत, बारीक आणि रागीट.

चार वर्षांनी सुखदेव गेला. त्याचा फोटो काढायला गावात कोणी नव्हतं.

मी अजून आहे.