अठ्ठावीसची हवा

"सूनबाई, पहाटेच तुझी चाकं टणक करून ठेवली हो!" सासरे रघुनाथराव अभिमानाने म्हणाले. रामवाडी ते रोहा सायकल शर्यत सुटायला पाच मिनिटं होती. अंतराच्या डोक्यात तिडीक गेली.

"टणक? किती भरलीत?"

"पन्नास पौंड! पार लिबलिबीत होती गं."

"बाबा, ही डोंगरी सायकल आहे! दगडधोंड्यांतून जायचंय. अठ्ठावीस लागते, अठ्ठावीस!"

दोन महिने घसरत, गुडघे फोडत तिने हा आकडा शोधला होता. गेल्या वर्षी दमून खाली बसली, तर आयोजकांनी तिला टेम्पोत घालून रोह्याला पोचवलं. तिच्याच शाळेतले जितेश सर तिथे स्वयंसेवक होते; त्यांनी टेम्पोतला तिचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. यंदा रोह्यात शिरायचं ते स्वतःच्या चाकांवर, नाहीतर स्टाफरूममध्ये तोंड दाखवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आणि हे म्हातारबुवा पंप घेऊन बसले!

"अगं, ऐक तरी..." नवरा अंबरीश पुढे झाला.

"तू गप्प बस! तुमच्या घरात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावल्याशिवाय कुणाला घास उतरत नाही!"

हवा मोजायचा काटा घरी राहिला होता. तिने अंदाजानेच दोन्ही चाकांतली हवा सोडली. फुस्स! रागात हाताला काय कळतंय?

कासूपर्यंत सायकल मागून कुणी धरून ठेवल्यासारखी चालली. सासऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत ती पायडल मारत राहिली. निडीजवळ पुढचं चाक दगडावर आपटलं आणि सपाट झालं.

मागून स्कूटरवर अंबरीश आला.

"बघ तुझ्या बाबांचे प्रताप!"

"अगं, बाबांनी भरलेली जास्तीची हवा मी लगेच काढली होती. काट्यावर बघून. बरोब्बर अठ्ठावीस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलू दिलंस?"

अंतराला रडावं की त्याला बडवावं, कळेना. तेवढ्यात आयोजकांचा टेम्पो येऊन थांबला. आत जितेश सर, हातात फोन.

"म्याडम, यंदा पण? चुकी कोनाची?"

"माझी," अंबरीश बिचारा पटकन म्हणाला. "हवा मीच कमी केली."

अंतरा भडकली. "खोटं कशाला बोलतोस रे? हवा मी सोडली! मी! माझ्या हातांनी!"



"म्याडम," जितेश सर फोन सरळ करत म्हणाले, "जरा परत बोला ना. व्हिडिओ चालू केला नव्हता."