स्पृहाचा डोंगर

शनिवार, १३ डिसेंबर. पहाटेपासून इंदुरात दाट धुकं. ओट्यावर उभं राहिलं तर समोरचं फाटक दिसत नव्हतं.

अशा थंडीत यतीनराव देवधर आपण होऊन उठले आणि त्यांनी ठरवलं, आजपासून लेकीच्या शिक्षणात भाग घ्यायचा.

कारण होतं. मागच्या पालकसभेत स्पृहाच्या वर्गशिक्षिका मधुरिमा मॅडमनी विचारलं होतं, "कोणतं सेक्शन?" यतीनरावांनी मोठ्या आत्मविश्वासाने 'बी' सांगितलं. स्पृहा दोन वर्षं 'सी'मध्ये होती. पुढच्याच महिन्यात शाळेने प्रकल्पाच्या पन्नास गुणांतले दहा 'पालकांचा सहभाग' या नावाने वेगळे काढले. (हा नियम आपल्यासाठीच झाला, अशी यतीनरावांची समजूत आहे.)

आज प्रकल्पांचं प्रदर्शन. स्पृहाच्या आईला, ऋजुताला, कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून ती स्पृहाला स्कूटरवरून शाळेत सोडून पुढे जाणार होती. नवऱ्याच्या गाडीत बसणं तिने केव्हाच सोडलं होतं.

"बाबा, प्रोजेक्ट ओट्यावर ठेवलाय," हेल्मेट चढवत स्पृहा म्हणाली. "दोन पार्ट आहेत. दहा वाजता फक्त घेऊन या. बाकी कुछ मत करना, प्लीज."

"अगं, दहा मार्क माझे आहेत!"

"इसीलिए तो बोल रही हूं."

यतीनराव ओट्यावर आले. एका पुठ्ठ्यावर हिरवागार बगीचा होता, त्यात आइस्क्रीमच्या काड्यांचा बाक. शेजारी 'तब और अब' लिहिलेली पाटी. एक, दोन. बरोबर. आणि त्यांच्या पलीकडे, वर्तमानपत्राखाली, चक्क कचरा! केळ्याची वाळकी सालं, अंड्याची टरफलं, चिप्सची पाकिटं, रिमोटचे सेल, एक फाटका मोजा, सगळं एकत्र. इंदुरात माणसाच्या ओट्यावर मिश्र कचरा दिसणं म्हणजे लग्नाच्या मांडवात पायजम्याची नाडी सुटणं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कचरागाडीचं गाणं ऐकू आलं.

यतीनराव सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पाइप तपासतात. चांगला माल इकडे, खराब तिकडे, यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी मांडी ठोकली. सगळं एकमेकांना घट्ट चिकटलं होतं. "काय सांडलंय कोण जाणे," असं पुटपुटत त्यांनी एकेक साल नखाने सोडवली. टरफलं ओल्यात, पाकिटं प्लास्टिकमध्ये, सेल घातक कचऱ्यात.

गाडीवरच्या दीदी बघतच राहिल्या. "वाह भाईसाब! पूरी कॉलोनी में ऐसी छंटाई किसी की नहीं!"

धुकं आता विरळ झालं होतं. समोरच्या ओट्यावरून शेजारचा विपुल ओरडला, "क्या बात है भिया, भाभीजी ने आज काम पे लगा दिया क्या?"

यतीनराव प्रसन्न हसले. आता दहा मार्क कुठे जात नाहीत.

दहा वाजता त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये बगीचा आणि पाटी टेबलावर मांडली. स्पृहाने त्यांच्या मागे पाहिलं. मग टेबलाखाली पाहिलं.

"बाबा, डोंगर?"

"कसला डोंगर?"

"कचऱ्याचा! गावाबाहेर आधी कचऱ्याचा डोंगर होता ना, आता तिथे बगीचा आहे. वही तो प्रोजेक्ट है! पंधरा दिवस फेविकॉलने चिकटवत होते मी!"

यतीनरावांनी आपल्या नखांकडे पाहिलं. फेविकॉल अजून होतं.

स्पृहाचे डोळे भरून आले. "अकराला परीक्षक येणार. नुसता 'अब' घेऊन काय सांगू त्यांना?"

"डोंगर आणतो," यतीनराव म्हणाले आणि गाडीकडे धावले.

कचरागाडी पुढच्या कॉलनीत सापडली. "दीदी, वो सुबह वाला वापस दे दो. सब मिला के."

"मिला के?" दीदींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "भाईसाब, तबीयत ठीक है? मिक्स तो हम भगवान को भी न दें."

कोपऱ्यावर पोह्यांचं दुकान होतं. "भिया, थोडा मिक्स कचरा मिलेगा?"

दुकानदाराचा झारा हवेतच थांबला. "साब, निगम से हो क्या? अपने यहां सब अलग-अलग है. आप पोहे खाओ."

"अरे नहीं भिया, बेटी के लिए चाहिए."

"तो जलेबी भी लो," दुकानदार घाबरून म्हणाला.

यतीनरावांनी तीन रस्ते पालथे घातले. सुपारीची पुडीसुद्धा कुठे पडलेली नव्हती. ज्या स्वच्छतेचे गोडवे ते नाशिकच्या मेहुण्यांना दर दिवाळीत ऐकवत, ती आज अशी उलटली होती. हताश होऊन ते गाडीत बसले. पायाखाली काहीतरी कुरकुरलं.

त्यांनी वाकून पाहिलं. मग मागच्या सीटवर पाहिलं. मग सीटखाली.

पावणेअकराला ते गाडीतली चारही पायपुसणी गाठोड्यासारखी धरून हॉलमध्ये शिरले. संत्र्याची सालं, बिस्किटांची पाकिटं, पोह्यांचे कागद, मेलेला चार्जर, टोलच्या पावत्या.

"हे आपल्या गाडीतलं आहे?" स्पृहाने विचारलं.

"हळू बोल."

सकाळपासून ती पहिल्यांदा हसली. दोघांनी मिळून डोंगर रचायला घेतला. यतीनरावांचा हात सवयीने सालं एका बाजूला काढू लागला, तशी तिने फटका मारला. "बाबा! छांटना मत!"

परीक्षक म्हणून निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, देवयानी मॅडम आल्या होत्या. डोंगरापाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"इतना असली? बेटा, ये मिक्स कचरा तुमको मिला कहां से?"

यतीनरावांनी लेकीला डोळ्यांनी खुणावलं.

"बाबांच्या गाडीतून," स्पृहा अभिमानाने म्हणाली. "पूरे साल का है, मॅम. इन्होंने खुद जमा किया."

निकाल: प्रकल्प, चाळीसपैकी चाळीस, पाचवी 'सी'मध्ये पहिला क्रमांक. पालकांचा सहभाग, दहापैकी दहा. गाडीत कचरापेटी न ठेवल्याबद्दल दंड, रुपये पाचशे, पावती श्री. यतीन देवधर यांच्या नावे.