लिथियमचा कूलर

आमच्या शेजारचे मेश्राम सर भर मे महिन्यात कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करतात आणि स्वतः ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसतात. दारव्ह्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय, त्यांना यातला वेडेपणा वेगळा सांगायला नको.

सर इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. उरलेला सगळा जीव लिथियम-६ च्या अणुकेंद्रात. त्या एवढ्याशा जागेत तीन प्रोटॉन आणि तीन न्यूट्रॉन. त्यांच्या जोड्या कशा जमतात, हे ते कॉम्प्युटरवर गणित मांडून शोधतात. एकेक गणित आठवडेच्या आठवडे चालतं. मध्येच कॉम्प्युटर तापून बंद पडला, की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी वांग्याची भाजी द्यायला गेले आणि कीव येऊन कूलर त्यांच्याकडे फिरवला. सर असे धावले, जसं काही दूधच उतू चाललं होतं.

"ताई, थे लिथियम तापून राह्यलं ना! माह्यं काय, मी टिकतो."

मी तूर निवडायला बसले, की सर मूठभर हरभरे घेऊन हजर. "हरभरा म्हंजे प्रोटॉन, तूर म्हंजे न्यूट्रॉन. दोन तुरी एकमेकीले धरून राहत नाहीत, दोन हरभरेही नाही. एक हे अन् एक थे, तवाच जमते." माझ्या सुपात अशा जोड्या लावून सर निघून जायचे. त्यांचं शास्त्र पुढे जायचं, माझं निवडणं मागे.

"अन् सर, तुमची जोडी?" मी एकदा छेडलं. सरांनी लग्न केलेलं नाही.

"जोड्या पाहणाऱ्यानं स्वतः मधात पडू नाही जी," म्हणाले आणि एक प्रोटॉन तोंडात टाकला.

यंदा माझी मुलगी बाळंतपणाला आली. बाळ पुरतं आठवड्याचंही नव्हतं, आणि आमच्या कूलरची मोटर जळली. नवी मोटर यवतमाळहून दुसऱ्या दिवशी येणार. दुपारी बाळ रडून रडून लालेलाल झालं, दूध घेईना. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आधी खोली गार करा." ओल्या चादरी टांगल्या, तरी काही होईना.

तेवढ्यात कूलर ढकलत, घामाघूम होत सर अंगणात आले.

"अन् तुमचं गणित?"

"बंद केलं."

"पुरं होत आलं होतं ना?"

"परवा झालं असतं. लिथियम काही पळून नाही चाललं. तुमचा कूलर बंद अन् लेकरू रडून राह्यलं, भिंतीतून आयकू येते मले."

खोली गार झाली. बाळ दूध प्यालं, झोपलं. मी मात्र ओट्यावर बसून हमसून हमसून रडले. या माणसाचे उपकार कसे मानावेत, मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

"रडता काहून, ताई? झोपलं ना थे!" सर घाबरून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमची मोटर बसली, तेव्हा सर बाळाला बघायला आले होते. "तुमचा कूलर घेऊन जा, सर," मी म्हटलं. सर उठले, पण दारातच घुटमळले.

"ताई, एक विचारू? मी कॉम्प्युटरच इकडं आणला तं चालते काय? पुन्हा पहिल्यापासून लावाच लागते, मंग इथंच लावतो. तिकडं मले गमत नाही. इथं लेकरू रडते, तुमी ओरडता, बरं वाटते."

मी शिवणयंत्र भिंतीशी सरकवलं आणि टेबलापुरती जागा केली.

"आणा ना जी. पण जेवाले इथंच बसा लागते."

सर कॉम्प्युटर आणायला गेले ते अनवाणीच, चप्पल आमच्या दारात विसरून.